विश्लेषण : हरणाच्या शिकारीत बाणाचे पाते इतके महत्त्वाचे का? अमेरिकेतील धनुर्धारी ‘ब्रॉडहेड’ कसे निवडतात?

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात धनुष्यबाणाने हरणांची शिकार करण्याचा हंगाम सुरू होतो. एकट्या या राज्यात तीन लाखांहून अधिक जण त्यासाठी परवाना घेतात. हंगामाआधीचे काही आठवडे दुकानांत सर्वाधिक चर्चा होते ती धनुष्याची नव्हे, तर बाणाच्या टोकाला लावायच्या धारदार पात्याची, म्हणजेच ‘ब्रॉडहेड’ची. जेमतेम साडेसहा ग्रॅम वजनाच्या या वस्तूची निवड चुकली, तर हरीण काही सेकंदांत मरण्याऐवजी जखमी अवस्थेत रानात नाहीसे होऊ शकते. पाते निवडताना नेमका कशाचा विचार होतो आणि त्यावर इतका वाद का आहे, याचा हा आढावा.

ब्रॉडहेड म्हणजे काय?

साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी 2023 मध्ये बर्लिनमध्ये तिरंदाजीचे जागतिक विजेतेपद मिळवले ते ‘कंपाऊंड’ धनुष्याने. दोन टोकांना चाके असलेले हेच धनुष्य अमेरिकेतील बहुतांश शिकारी वापरतात. मिझुरी राज्यातील हॉलेस विल्बर ॲलन यांना त्याचे पेटंट 1969 मध्ये मिळाले. चाकांमुळे दोरी पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार बराच कमी होतो आणि नेम धरून थांबता येते.

फरक आहे तो बाणाच्या टोकात. स्पर्धेतील बाणाचे टोक गुळगुळीत आणि गोलसर असते. ते लक्ष्यात रुतावे आणि सहज उपसता यावे, एवढीच अपेक्षा असते. शिकारीच्या बाणाला मात्र दोन, तीन किंवा चार धारदार पाती असतात. बाण पुढे जाताना ही पाती वाटेतील ऊती कापत जातात. असे टोक म्हणजे ब्रॉडहेड. ते आट्यांनी बाणाच्या दांड्यावर बसवले जाते. त्याचे वजन ‘ग्रेन’ या जुन्या मापात मोजतात. 100 ग्रेन म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅम. बाजारात 100 आणि 125 ग्रेनची पाती सर्वाधिक खपतात.

बाणाने हरीण कसे मरते?

बंदुकीची गोळी आणि बाण यांची कामाची पद्धत पूर्णपणे वेगळी आहे. हरणांच्या शिकारीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या रायफलच्या गोळीत साडेतीन हजार ज्यूलहून अधिक ऊर्जा असू शकते. त्या धक्क्यानेच आजूबाजूच्या ऊतींची मोठी हानी होते. 26 ग्रॅमचा बाण सेकंदाला 82 मीटर वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा भरते जेमतेम 88 ज्यूल. म्हणजे बाण धक्क्याने मारत नाही, तो कापतो. दोन्ही फुप्फुसे किंवा हृदय कापले गेले, की वेगाने रक्तस्राव होतो, मेंदूला होणारा रक्तपुरवठा खंडित होतो आणि हरीण काही सेकंदांत कोसळते. तेवढ्या वेळातही ते शंभर मीटरपर्यंत धावू शकते.

पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या छातीत हा मर्मभाग साधारण 20 सेंटिमीटर व्यासाचा, जेवणाच्या लहान ताटलीएवढा असतो. त्याच्या पुढच्या बाजूला खांद्याचे हाड आणि मागे पोट. नेम चार बोटे पुढे गेला तर बाण हाडावर अडतो, मागे गेला तर आतड्यांत शिरतो. म्हणूनच हरीण पूर्ण आडवे उभे असताना किंवा किंचित पाठमोरे असतानाच बाण सोडावा, असे शिकारीच्या प्रशिक्षणात शिकवले जाते.

बाण आरपार जाणे का महत्त्वाचे?

अमेरिकेत बरेच धनुर्धारी झाडावर पाच-सहा मीटर उंचीवर मचाण बांधून बसतात. बाण वरून खाली तिरपा येतो. तो जिथून आत शिरतो ती जखम छातीच्या वरच्या भागात असते. बाण आतच अडकला तर रक्त छातीच्या पोकळीत साचत राहते आणि जमिनीवर फारसे पडत नाही. हरीण शंभर मीटरवर मरून पडलेले असले, तरी दाट झुडपांत आणि गळालेल्या पानांत त्याचा माग लागत नाही.

बाण आरपार गेला तर बाहेर पडतानाची जखम खालच्या बाजूला होते. तिथून रक्त वाहते आणि माग स्पष्ट मिळतो. पात्याच्या निवडीतील बहुतेक प्रश्न अखेर इथेच येऊन थांबतात : हे पाते या धनुष्यातून सुटल्यावर हरणाच्या दोन्ही बाजू भेदून बाहेर पडेल का?

पात्यांचे मुख्य प्रकार कोणते?

पहिला प्रकार स्थिर पात्यांचा. यात कोणताही हलणारा भाग नसतो. काही ब्रॉडहेड एकाच पोलादी तुकड्यातून घडवलेली असतात, त्यांना पुन्हा धार लावता येते. काहींत दाढीच्या ब्लेडसारखी पातळ पाती बदलता येतात. स्थिर पात्यांची रुंदी बहुधा एक ते सव्वा इंच असते. काहींचे टोकच धारदार असते, त्यामुळे स्पर्श होताक्षणी कापणे सुरू होते. काहींचे टोक छिन्नीसारखे असते, ते हाडाला तोंड देण्यासाठी.

दुसरा प्रकार उघडणाऱ्या, म्हणजेच ‘मेकॅनिकल’ पात्यांचा. उडताना पाती मिटलेली असतात आणि अंगावर आदळताच उघडतात. उघडल्यावर रुंदी दीड ते दोन इंच, काहींत त्याहून अधिक भरते. पाती मिटून धरण्यासाठी रबरी कडे, प्लास्टिकची पट्टी किंवा स्प्रिंग वापरतात.

तिसरा प्रकार या दोहोंच्या मिश्रणाचा : दोन लहान स्थिर पाती आणि दोन उघडणारी. एक उघडले नाही तरी दुसरे कापेल, हा त्यामागचा विचार. मात्र चार पात्यांना आत शिरताना अधिक विरोध होतो, हेही खरे.

वाद नेमका कशावरून?

स्थिर पात्यांच्या समर्थकांचा मुद्दा साधा आहे. ज्यात हलणारा भाग नाही, त्यात बिघडण्यासारखेही काही नाही. उघडणारे पाते झुडपाच्या फांदीला लागून आधीच उघडू शकते, तिरप्या कोनात आदळले तर घसरू शकते. शिवाय पाती उघडण्यात आणि रुंद जखम करण्यात बाणाची ऊर्जा खर्च होते, त्यामुळे तो कमी खोल जातो.

दुसऱ्या बाजूचा मुद्दाही तितकाच वजनदार आहे. स्थिर पाती हवेत पंखांसारखी वागतात. धनुष्याची जुळणी जराशी बिघडलेली असेल तर पुढची पाती आणि मागची पिसे बाणाला वेगवेगळ्या दिशांना ओढतात आणि बाण भरकटतो. मिटलेली पाती सरावाच्या टोकासारखीच उडतात. त्यातून नेम काही सेंटिमीटर चुकला, तर दोन इंचांची जखम एखादी मोठी रक्तवाहिनी गाठण्याची शक्यता वाढते.

आकडेवारी काय सांगते?

या वादात सर्वाधिक उल्लेख होतो तो मेरिलँड राज्यातील इंडियन हेड येथील नौदलाच्या तळावरील नोंदींचा. तिथे 1989 ते 2006 या काळात धनुर्धाऱ्यांनी बाण मारलेल्या 908 हरणांची नोंद ठेवली गेली. त्यांपैकी 162, म्हणजे सुमारे 18 टक्के हरणे हाती लागली नाहीत. 2012 पर्यंतच्या नोंदी पात्यांच्या प्रकारानुसार मांडल्या, तेव्हा स्थिर पाती लागलेल्यांपैकी सुमारे 83 टक्के, तर उघडणारी पाती लागलेल्यांपैकी सुमारे 91 टक्के हरणे सापडल्याचे दिसले.

मात्र या आकड्यांवरून उघडणारे पातेच सर्वांसाठी चांगले, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. कोणी कोणते पाते वापरायचे, हे तिथे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. या काळात धनुष्येही अधिक वेगवान आणि अचूक होत गेली. कमी ताकदीचे धनुष्य वापरणाऱ्याला हा फायदा मिळेलच, असे या नोंदी सांगत नाहीत. शिवाय हाती न लागलेले प्रत्येक हरीण मेलेलेच असते असेही नाही. किरकोळ जखम झालेली काही हरणे बरी होतात. तरीही अनुभवी लोकांच्या हातूनही साधारण दर सहा हरणांमागे एक हरीण जखमी होऊन निसटते, ही नोंद दुर्लक्षिण्यासारखी नाही. धनुष्यबाणाच्या शिकारीचे विरोधक नेमका याच आकड्यावर बोट ठेवतात.

धनुष्याच्या ताकदीशी पाते कसे जुळवतात?

दोरी पूर्ण ताणण्यासाठी लागणारा जोर पौंडात मोजतात. समजा, एखादी किशोरवयीन मुलगी 40 पौंडांच्या धनुष्यातून 350 ग्रेनचा बाण सेकंदाला 64 मीटर वेगाने सोडते. त्याची ऊर्जा सुमारे 46 ज्यूल होते. उद्योगात वापरल्या जाणाऱ्या तक्त्यांनुसार हरणासाठी साधारण 34 ते 56 ज्यूल पुरेसे मानले जातात. म्हणजे ऊर्जा पुरेशी आहे, पण उधळण्याइतकी नाही. अशा धनुष्याला अरुंद, दोन पात्यांचे, टोकापासून कापणारे स्थिर ब्रॉडहेड योग्य ठरते. दोन इंच उघडणारे पाते बसवले तर बाण अर्ध्यावर अडकण्याचा धोका वाढतो.

याउलट 65-70 पौंडांच्या धनुष्यातून सुटणारा बाण 80-90 ज्यूल ऊर्जा नेतो. त्याला दीड इंचांचे उघडणारे पाते झेपते. नवख्यांची चूक होते ती इथेच. पाकिटावरील सर्वात मोठा आकडा पाहून ते पाते घेतात आणि आपले धनुष्य ते आरपार नेईल का, हा हिशेब राहून जातो.

केवळ वेग वाढवूनही प्रश्न सुटत नाही. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, बाण 82. हरीण 30 मीटरवर असेल तर दोरीचा आवाज त्याच्या कानी पोहोचल्यानंतर बाण पोहोचायला आणखी पाव सेकंदाहून अधिक वेळ लागतो. दचकलेले हरीण पळण्यासाठी पाय दुमडून खाली बसते आणि बाण वर लागतो. स्पर्धेतील कंपाऊंड तिरंदाज 50 मीटरवरून 8 सेंटिमीटरचे वर्तुळ साधतात, तरी शिकारीत मात्र बहुतेक जण 20-30 मीटरच्या आतच बाण सोडतात, ते यामुळेच. लक्ष्याचा फलक हलत नाही, हरीण हलते.

क्रॉसबोसाठी वेगळा विचार का?

क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारखा दस्ता आणि चाप असलेले आडवे धनुष्य. दोरी ओढून अडकवून ठेवता येत असल्याने हाताने ताण धरून ठेवावा लागत नाही. पेनसिल्व्हेनियाने 2009 मध्ये धनुष्याच्या हंगामात त्याला राज्यभर मुभा दिली, विस्कॉन्सिनने 2014 मध्ये स्वतंत्र हंगाम सुरू केला. आज पेनसिल्व्हेनियात या हंगामात मारल्या जाणाऱ्या हरणांपैकी निम्म्याहून अधिक क्रॉसबोने मारली जातात.

क्रॉसबोचा बाण आखूड असतो आणि वेग बराच अधिक. 26 ग्रॅमचा बाण सेकंदाला 122 मीटर वेगाने सुटला तर त्याची ऊर्जा 190 ज्यूलच्या पुढे जाते. त्यामुळे आरपार जाण्याची चिंता कमी, पण भरकटण्याची अधिक. या वेगात रुंद स्थिर पाती बाणाला दिशा सोडायला लावतात. स्थिर पाते हवेच असेल तर ते आटोपशीर, एक इंचाच्या आसपास रुंदीचे घेतात.

उघडणारे पाते घ्यायचे, तर ते क्रॉसबोसाठीच बनवलेले असावे लागते. चाप ओढताच बसणाऱ्या जोरदार झटक्याने साध्या धनुष्यासाठीची पाती हवेतच उघडू शकतात. क्रॉसबोसाठीच्या पात्यांत ती मिटून धरणारी पकड अधिक घट्ट असते. उत्पादकाने सांगितलेल्या किमान वजनापेक्षा हलका बाण वापरणेही धोक्याचे. बाणात न गेलेली ऊर्जा धनुष्याच्या सांगाड्यावर येते आणि तो मोडून शिकाऱ्यालाच इजा होऊ शकते.

धार आणि सराव किती महत्त्वाचे?

बोथट सुरी टोमॅटो कापण्याआधी दाबते, हा स्वयंपाकघरातील रोजचा अनुभव आहे. बोथट पातेही रक्तवाहिनी कापण्याऐवजी तिला बाजूला सारते. धार तपासण्याची सोपी पद्धत म्हणजे ताणलेल्या रबर बँडवर पाते अलगद टेकवणे. तो जोर न लावता तुटला पाहिजे. पाकिटातून काढलेले प्रत्येक पाते या कसोटीला उतरतेच असे नाही. एकदा वापरलेली किंवा सरावात मारलेली पाती बदलावी किंवा पुन्हा परजावी लागतात.

सराव साध्या टोकांनी आणि शिकार ब्रॉडहेडने, ही दुसरी नेहमीची चूक. दोन्हींचे वजन सारखे असले तरी बाण एकाच जागी लागेल याची खात्री नसते. त्यामुळे हंगामाआधी प्रत्यक्ष वापरायचेच ब्रॉडहेड फोमच्या लक्ष्यावर मारून पाहतात. ते वेगळीकडे लागत असेल तर आधी धनुष्याची जुळणी दुरुस्त करतात. तीन ब्रॉडहेडच्या पाकिटाला साधारण 30 ते 50 डॉलर पडत असल्याने अनेक जण ही चाचणी टाळतात. मात्र चुकीच्या ठिकाणी बसलेला धारदार बाण कोणतेही महागडे पाते सावरू शकत नाही.

कायदा काय सांगतो?

शिकारीचे नियम राज्यागणिक बदलतात. पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, मिशिगन, कोलोरॅडो अशा अनेक राज्यांत ब्रॉडहेडची किमान रुंदी सात-अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे 22 मिलिमीटर असावी लागते. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी धनुष्याचा ताण किमान 35 पौंड आणि क्रॉसबोचा किमान 125 पौंड हवा. पश्चिमेकडील काही राज्यांनी उघडणाऱ्या पात्यांवर दीर्घकाळ बंदी ठेवली होती. मागे वळलेल्या काट्यांची पाती अनेक ठिकाणी निषिद्ध आहेत, कारण जखमी प्राण्याच्या अंगातून तसा बाण गळून पडत नाही. नियम बदलत राहतात, त्यामुळे दर हंगामाला राज्याची नवी पुस्तिका पाहणे अपरिहार्य ठरते.

बाण चुकीच्या जागी लागला, तर?

अशा वेळी घाई हा सर्वात मोठा शत्रू असतो. फेसाळ, गुलाबी रक्त फुप्फुसाची जखम दाखवते. तेव्हाही अर्धा तास थांबण्याचा सल्ला दिला जातो. गडद रक्त यकृताकडे बोट दाखवते, तिथे चार ते सहा तास थांबतात. बाणावर हिरवट घाण आणि दुर्गंधी असेल तर तो पोटात लागलेला असतो. अशा वेळी आठ ते बारा तास वाट पाहावी लागते. लगेच पाठलाग केला तर विसाव्याला बसलेले हरीण उठून मैलभर जाते आणि कायमचे हरवते. पेनसिल्व्हेनियाने 2018 मध्ये जखमी हरणाचा माग काढण्यासाठी दोरीला बांधलेले कुत्रे नेण्याची मुभा दिली, ती हे प्रमाण कमी व्हावे म्हणूनच.

मग अमेरिका ही शिकार होऊ का देते?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकारीमुळे अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणे पाच लाखांच्या आत आली होती. निर्बंध आणि संवर्धनामुळे आज ती सुमारे तीन कोटी असल्याचा अंदाज आहे. लांडग्यांसारखे शत्रू बहुतेक भागांतून नाहीसे झाल्याने आता अडचण उलटी आहे. शेतीचे नुकसान, जंगलातील रोपांचा फडशा आणि रस्त्यांवरील धडका. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियाच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही परसबागेतील हरणे नवी नाहीत. घरांच्या जवळ बंदूक चालवता येत नाही, तिथे संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी धनुष्य हा पर्याय उरतो. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शस्त्रांवरील कर वन्यजीव संवर्धनाकडे वळवला. पुढे धनुष्य आणि ब्रॉडहेडही त्या कराच्या कक्षेत आली. आज त्यांवर 11 टक्के कर आहे.

भारतात चित्र पूर्ण वेगळे आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार चितळ, सांबर, भेकर यांची शिकार हा गुन्हा आहे, मग हत्यार कोणतेही असो. इथे धनुष्याची जागा मैदानावरच.

अमेरिकेत मात्र ऑक्टोबरच्या पहाटे मचाणावर चढणाऱ्याने पात्याचा निर्णय आधीच घेतलेला असावा लागतो : आपले धनुष्य आरपार नेईल एवढीच रुंदी, रबर बँड तोडणारी धार आणि त्याच पात्यांनी केलेला सराव. या तीन गोष्टी जमल्या नसतील, तर समोर आडवे उभे असलेले हरीणही जाऊ द्यावे, अशीच शिकवण तिथले प्रशिक्षक देतात.